आडवा हात

नेपल्सच्या एका गल्लीत आम्ही स्टुडंट एक्स्चेंजवर आलेले चौघं जेवायला बसलो होतो. आमच्यातल्या लेनाने तळलेल्या माशांची थाळी माझ्यापुढे केली. मी सवयीने म्हटलं, "नको, नको."

"बरं," म्हणत तिने थाळी पलीकडे सरकवली. आमच्या घरी पहिलं 'नको' कुणी ऐकतच नाही, हे तिला कुठून ठाऊक असणार!

शेजारच्या टेबलावर एक आजी चांगल्या दाढीवाल्या नातवाला वाढत होत्या. तो बशीवर हात आडवा धरून पुरे, पुरे असंच काहीसं ओरडत होता. आजींनी सरळ त्याच्या बोटांवरच पास्ता वाढला. आमचं टेबल खो खो हसलं, मीही हसले.

मग कुणाचं लक्ष नाही असं बघून मी माझ्या रिकाम्या बशीवर हात आडवा धरला. बराच वेळ धरला. बोटं कोरडीच राहिली.