सुंदराची वेल

धुडकूआप्पांनी पंधरा वर्षं पांडेसऱ्याच्या एका छपाईच्या मिलमध्ये साड्यांची नक्षी उतरवली. ब्याण्णव साली नोकरी सोडून ते गोडादऱ्यातल्या आपल्या खोलीतच स्वतंत्रपणे डिझाइनं काढू लागले. हात असा, की त्यांनी रंगवलेल्या पानावरून बोट फिरवावंसं वाटे. स्वभाव मात्र भिडस्त. कुणी स्तुती केली की चष्मा पुसत बसत.

शहाण्णवच्या दिवाळीआधी त्यांच्या केळफुलाच्या बुट्ट्याची साडी बाजारात गाजली. महिनाभरात ती साडी विकणारे व्यापारी मगनभाई घरी आले आणि त्यांनी दोन साड्या पुढ्यात पसरल्या.

"आप्पा, जुओ! तमारुं केळफूल, बीजानी साडी पर!"

दुसऱ्याच्या साडीवरही तेच केळफूल, तेच रंग. फक्त देठ उलट्या बाजूला वळवलेला. त्या दिवशी आप्पांना जेवण गेलं नाही.

मगनभाई त्यांना ओळखीच्या वकिलांकडे घेऊन गेले. वकिलांनी दोन्ही साड्या उजेडात धरून पाहिल्या.

"नोंदणी केली होती?"

"डिझाइनची पण नोंदणी असते?"

"असते ना, कलकत्त्याच्या कचेरीत. पण माल बाजारात यायच्या आधी करावी लागते. एकदा लोकांनी पाहिलं की ते नवं राहत नाही. आता पुढचं काढाल, ते कुणालाही दाखवायच्या आधी माझ्याकडे आणा."

पुढचं डिझाइन होतं तुरीच्या शेंगांची वेल. आप्पांनी त्यावर दोन महिने घालवले. मगनभाई तीनदा बघायला आले, तर तिन्ही वेळा आप्पांनी कागदावर टॉवेल टाकला. शेवटी अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा वकील म्हणाले, "ज्याच्या डोक्यातून हे निघालं, त्याचं नाव इथे येईल. दुसऱ्याचं उचललेलं चालत नाही, बरं का."

हे वाक्य आप्पांच्या डोक्यातून जाईना. अर्ज कोराच घेऊन ते घरी आले. सुंदरा, त्यांची बायको, भाकरी थापत होती. तिच्यामागच्या भिंतीवर श्रावणात गावाकडच्या रिवाजानं कानबाई देवी बसवली तेव्हा तिनं गेरूनं काढलेली वेल अजून दिसत होती. जोडीजोडीनं लवलेल्या तुरीच्या शेंगा. आप्पांनी रंग भरले होते, साडीभर वेल बसवली होती. पण ती वळणं सुंदराची होती. आणि केळफूल? तेही आदल्या साली याच भिंतीवर होतं. घरातलंच म्हणून त्यांनी ते उचललं, तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. ज्या अनोळखी माणसावर ते दोन महिने धुमसत होते, त्यानं निदान देठ तरी फिरवला होता.

ते तिच्याजवळ जाऊन बसले आणि घरच्या बोलीत म्हणाले, "सुंदरा, या कागदवर तुनं नाव टाकनं शे."

"मनं? कसाले? माले कोठे ब्रश धरता येस?"

"ब्रश मी धरेल व्हता. पन वेल तुनी शे."

"मी त कानबाईकरता काढेल व्हती," ती म्हणाली. तोवर तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी वकिलांना सगळं खरं सांगितलं. "मग दोघांची नावं टाकू," वकील म्हणाले. आप्पांनी सुंदराचं नाव आधी लिहायला लावलं. पुढच्या वर्षी कलकत्त्याहून प्रमाणपत्र आलं. सुंदरानं त्यावर आपलं नाव कुठे आहे ते विचारून घेतलं, आणि शेजारच्या शोभाबाईंना दाखवायला ती स्वतः गेली.

केळफुलाइतकी ती वेल चालली नाही, हे खरं. पण ती कुणी चोरूही शकलं नाही. एका व्यापाऱ्यानं तशी छापायला घेतली होती. वकिलांचं एक पत्र जाताच त्यानं काम थांबवलं.

सुंदरानं मात्र आप्पांना एक अट घातली. तिचं काही घ्यायचं असेल, तर आधी विचारायचं. आप्पा विचारत. कधीकधी ती सरळ नाही म्हणे, आणि मग आप्पा चहा करून तिची मनधरणी करत बसत.