काकूंचे तीन तास

एकदा नजर टाकून कुठल्याही गोष्टीला कायमचं बाद करण्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा हात धरणारा माणूस मुलुंडमध्ये नाही, ठाण्यातही नसावा. उभी हयात लिफ्ट तपासण्याच्या नोकरीत गेली. दोष काढण्याचाच पगार मिळत होता. निवृत्तीनंतर पगार थांबला, पण काम चालूच राहिलं. मुलीसाठी स्थळ बघायला बोरिवलीला गेले तेव्हा मुलगा आतून येईपर्यंत ह्यांनी बेसिनचा नळ सोडून बघितला आणि "पाण्याला जोर नाही, चला" म्हणून उठले. दातांच्या एका डॉक्टरला तर त्यांनी तोंड उघडण्याआधीच नापास केलं, कारण काय तर त्याच्या दवाखान्यातलं घड्याळ मागे होतं. "पुन्हा एकदा जाऊन बघा की," असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "एकदा बघितलं ना? संपलं!"

त्यामुळे हिवाळ्यातल्या एका सकाळी त्यांनी माझी बेल वाजवून, "चल रे, त्या गावाला पुन्हा जायचंय," म्हटलं तेव्हा मला वाटलं, ह्यांना ताप चढला.

'ते गाव' म्हणजे कोकणातलं एक किनाऱ्यावरचं छोटं शहर. बारा वर्षांपूर्वी काका-काकू तिथे एका लग्नाला गेले होते आणि काकूंच्या हट्टापायी एक दिवस जास्त राहिले होते. "समुद्र म्हणतात ह्याला? ह्याच्यापेक्षा माहुलची खाडी बरी!" असा निकाल देऊन काका जेवल्यावर लॉजच्या पंख्याखाली आडवे झाले. काकू एकट्याच बाहेर पडल्या. तीन तासांनी परत आल्या, ह्यांचा चहा मागवला आणि एवढंच म्हणाल्या, "बरं आहे हो गाव." काकू जाऊन आता दोन वर्षं झाली. "ती तीन तास कुठे होती, ते विचारायचं राहूनच गेलं रे," काका म्हणाले. त्यांचा असा पडलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मुकाट्याने पिशवी भरली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा भर दुपार होती. अख्खी बाजारपेठ दारं लावून झोपलेली. रस्त्यात माणूस नाही, कुत्रं नाही, बंदरावर समुद्र होता पण त्याचा आवाज येत नव्हता. काकांना नावं ठेवायला तिथे रान मोकळं होतं, पण ते गप्प होते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती. एकच सोडावाला जागा होता. त्याने तीन बाटल्या फोडल्या. आमच्या मागे रस्त्याकडे बघत म्हणाला, "बाई खंय असत?"

आम्ही त्याला नाव सांगितलं नव्हतं की फोटो दाखवला नव्हता. काकांना तर तो ओळखतही नव्हता. मी वळून बघितलं, रस्ता रिकामा होता. काकांनी मात्र शांतपणे विचारलं, "कुठल्या वाटेनं गेली?" त्याने बोटाने गल्ली दाखवली, जसं काही आत्ताच कोणी तिथून वळलं होतं.

गल्लीच्या टोकाला एका अंगणात एक म्हातारी बसली होती. पुढ्यातल्या ताटात तांदूळ, नारळ, खण.

"उशीर केल्यात," ती काकांना म्हणाली. "आत्ताच हंयसर बसली होती. घोवाक चहा लागता म्हणान उठली. ओटी भरूक दिल्यान नाय."

म्हातारीला काळाचं भान उरलं नसेल, बारा वर्षांपूर्वी वाट चुकलेल्या काकूंना पाणी देऊन बसवलं असेल, ते डोक्यात राहिलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण तांदळाला लावलेलं कुंकू ओलं होतं. काकू आता नाहीत हे सांगायला मी तोंड उघडलं, तर काकांनी माझा दंड घट्ट दाबला. मग ते खाली बसले आणि त्यांनी आपल्या शर्टाची पुढची बाजू दोन्ही हातांनी पसरली.

"गो बाय! पुरुषाची ओटी कोण भरता?"

"तुम्ही भरा," काका म्हणाले, "मी पोचवतो."

म्हातारीने ओंजळीने तांदूळ घातले, वर खण आणि नारळ ठेवला. सगळ्या जगाला नापास करणारा हा माणूस एक दाणा सांडू नये म्हणून श्वास रोखून बसला होता. मला भीतीपेक्षा मायाच जास्त वाटली.

परतीच्या एसटीत अर्ध्या सीट रिकाम्या होत्या. मी सवयीने काकांशेजारी बसायला गेलो. "तू मागे बस रे," ते म्हणाले. ओटी त्यांनी शेजारी, खिडकीच्या सीटवर ठेवली होती. मी वाद घातला नाही. गाडी घाटाला लागली तसा त्यांचा हलका आवाज माझ्या कानावर आला.

"मग? तिथून पुढे कुठे गेलीस?"

एवढं विचारून ते गप्प झाले. मला मागून फक्त त्यांची मान दिसत होती. मन लावून ऐकणाऱ्या माणसाची हलते, तशी ती मधूनमधून हलत होती.