आमच्या घरची जोखीम

आमच्याकडं जोखीम म्हणजे सोनं. लग्नाला एसटीनं जायचं असलं की बायको पाटल्या आणि बोरमाळ फडक्यात गुंडाळून पोटाशी धरते आणि मला दटावते, "जोखीम हाय जवळ, झोपू नका." त्यामुळं अंगणवाडीच्या ताईनं नातीच्या कागदावर 'जोखमीचे बालक' असं लिहिलं तेव्हा माझी छाती फुगली. यात माझं काय चुकलं?

नात तेव्हा दोन वर्षांची. मी चौथीपर्यंत शिकलो, पण अक्षराला अक्षर लावून वाचता येतं. तो शब्द दोनदा वाचला आणि संध्याकाळी कट्ट्यावर सांगून टाकलं, गल्लीत एवढी पोरं, पण सरकारनं जोखमीची म्हणून आमचीच लिहून घेतली. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण तर म्हणाला, "आमच्या नातवाचं बी नाव घाला म्हणावं की."

घरी येऊन तीच बढाई सुनेपुढं मारली. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"मामा, जोखमीची म्हणजे तसलं न्हवं. धोक्यातली. तिला ऐकू येत नसंल असं ताईंना वाटतंय. बोलायचं वय झालं, बोलत न्हाय. सरकारी दवाखान्यात बारक्या पोरांचं केंद्र हाय, तिथं तपासायला घेऊन या म्हणल्यात. फुकट हाय सगळं."

एका दमात दोन शिव्या बसल्या. एक बहिरी, दुसरी फुकट. मी उभा जन्म शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत साचे भरले. केळवणालासुद्धा आहेर घेऊन जाणारा माणूस मी.

"पोरीला ऐकू येतंय," मी म्हणालो. "माझ्या हाकंला बरोबर वळती. हे बघ." आणि दारातून हाक मारली. नात खेळता खेळता वळली आणि हसली. शेजारचे दोघं चप्पल न घालताच बाहेर आले, कुणाचं काय झालं म्हणून.

बायको म्हणाली, "अवो, तुमच्या हाकंला रंकाळ्यातली म्हस बी वळंल."

फौंड्रीत दिवसभर धडधड. शेजारच्या माणसाला तंबाखू मागायची तरी ओरडून मागावी लागते. कामावरनं सुटलो, पण आवाज तेवढाच राहिला. हे मला मान्य आहे. त्यावरून माझ्या कानाविषयी बायको जे म्हणते, ते मान्य नाही.

मुलाला विचारलं, तर तो माझ्याकडं बघून मान डोलावायचा आणि बायकोकडं बघूनही डोलावायचा. त्याचा काही उपयोग नव्हता. माझ्या बायकोनं वाडीच्या देवळात जाऊन दत्ताच्या कानावर घातलं. देवाचाही कौल कळेना.

ताई मात्र माझ्यासारखीच हट्टी निघाली. दोनदा मी तिला दारातनं परत लावली. तिसऱ्यांदा आली ती सरळ आत येऊन बसली. तिचा नवराही फौंड्रीतलाच.

"आजोबा, साच्यात वाळू ढिली राहिली तर काय करत होता?"

"काय म्हंजे? ओतायच्या आधी परत ठोकून भरायची."

"आणि लोखंड ओतल्यावर ध्यानात आलं तर?"

उत्तर जिभेवर आलं होतं, भंगारात जातं म्हणून. तेवढ्यात माझी नजर नातीवर गेली. ती ताईची पर्स उलटी करून बसली होती. बाई मला कुठं नेत होती ते कळलं. मी म्हणालो, "चहा टाकायला सांगतो."

"चहा नको. उद्या येताय का ते सांगा."

दुसऱ्या दिवशी गेलो. एका बाईंनी नातीच्या पाठीमागं खुळखुळा वाजवला, मग घंटी. पोरगी ढिम्म. माझ्या मनात आलं, आता एक हाक मारावी, पण सुनेनं माझा हात धरून ठेवला होता. पुढं मशीनवर तपासणी झाली. मोठा आवाज तेवढा पोचतो, बोलणं पोचत नाही, असं निघालं. दोन्ही कानांना यंत्रं मिळतील आणि आठवड्यातून दोनदा बोलायला शिकवतील, असं सांगितलं. आत्ता शिकली तर बोलेल. वय निघून गेलं तर फार जड जाईल.

निघताना मी त्या बाईंना स्पष्ट सांगितलं, "हे फुकट न्हवं बरं का. आमी काडेपेटी घेतली तरी त्यावर सरकारला कर दिलाय."

"व्हय आजोबा, तुमचंच हाय सगळं," बाई म्हणाल्या. "पण हळू बोला, पलीकडचं बाळ उठलं."

यंत्रं बसली. पहिल्याच दिवशी वाटीत चमचा पडला तर पोरगी दचकली आणि मग दिवसभर तोच चमचा पाडत बसली. बाई शिकवायला लागल्या. ओठ हलायला लागले, घशातून काहीतरी यायला लागलं. आणि ऐन त्या वेळी एका सकाळी आम्ही गेलो तर खोलीला कुलूप. बाई कंत्राटावर होत्या. वरून निधी आला नाही, म्हणून त्यांची मुदत वाढली नाही. कधी येईल? सांगता येत नाही.

परतीच्या बसमध्ये पोरगी आईच्या ओठांकडं बघत होती, आणि ओठ मिटलेले.

घरी येऊन मी कागद मागितला. "मी लिहिते मामा, तुमचं शुद्ध न्हाय," सून म्हणाली. मी दिला नाही. मी लिहिलं ते असं:

"साहेब, आमची पोरगी जोखमीची आहे हे तुम्हीच लिहून दिले. आम्ही जोखीम म्हणजे सोने समजतो. ती जोखीम तुमच्या ताब्यात दिली आणि तुम्ही खोलीला कुलूप लावून गेला. जोखीम बाहेर राहिली. निधी उद्या आला तरी पोरीचे वय उद्या परत येणार नाही. तरी जपून ठेवावी, ही विनंती."

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांपुढं तो अर्ज ठेवला. त्यांनी वाचला. पहिल्यांदा हसले. मग परत वाचलं, तेव्हा हसले नाहीत. त्यानंतर मी दर सोमवारी तिथं बाकड्यावर जाऊन बसायला लागलो. "माझ्या अर्जाचं काय झालं?" एवढंच विचारायचो. तिसऱ्या सोमवारी कारकून म्हणाला, "पावणं, एवढं वरडू नका. मुंबैला ऐकू गेलं."

"जाऊ दे की. मंजुरी तिथनंच यायची हाय न्हवं?"

सहाव्या सोमवारी मंजुरी आली. सून म्हणते, ती येणारच होती. मी म्हणतो, माझ्या अर्जानं आली. यावर आमच्यात अजून निकाल लागलेला नाही.

बाई परत आल्या. मधल्या दिवसांत पोरगी जे विसरली होती, ते त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी दारातनं नेहमीसारखी हाक मारली. नात वळली, पण हसली नाही. दोन्ही हात कानांवर ठेवले आणि माझ्याकडं बघत काहीतरी म्हणाली. सून रडायला लागली. बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"काय म्हणली ती?" मी विचारलं.

"अवो, 'हळू' म्हणली."

मी नातीजवळ जाऊन खाली बसलो. "परत म्हण," म्हटलं, जमेल तेवढ्या बारीक आवाजात. तिनं परत म्हटलं. ओठ हलले ते मी बघितले. ऐकू मात्र आलं नाही.

हे मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. पण येत्या सोमवारी नातीला घेऊन जाईन, तेव्हा त्या बाईंना हळूच विचारणार आहे, तुमच्या त्या मशीनवर म्हातारी जोखीम चालती का म्हणून.