मास्तरांचा अंगठा

मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला कारण लागत नसे. कापडवाल्याने चहा पाजला तर "आज जुना माल गळ्यात मारणार," आणि नाही पाजला तर "कालच मारलाय, म्हणून तोंड लपवतोय." पण कापडाच्या बाबतीत त्यांचा संशय खरा ठरायचा. डोळे मिटून कापड अंगठ्याने चोळायचे आणि त्यात भेसळ किती ते सांगायचे. अख्ख्या बाजारात त्या अंगठ्याचा वचक होता.

पूर्वी हे शिंपीमास्तर इतके जाडजूड होते की गिऱ्हाइकांना पुरणारी टेप त्यांच्याच पोटाला अपुरी पडे. तीन वर्षांपूर्वी वजनाचं ऑपरेशन झालं. जठर एवढंसं उरलं, अन्नाची वाट वळवली, आणि मास्तर वर्षभरात निम्मे झाले.

घरी सोडताना नर्स म्हणाली, "या ताकदीच्या गोळ्या. जन्मभर घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत."

त्या एका शब्दाने घोटाळा केला. ताकदीच्या गोळ्या म्हणजे अंगावर मांस चढवणाऱ्या, हे मास्तरांना लहानपणापासून पक्कं ठाऊक. आधी पोट कापून वजन उतरवायचं, मग गोळ्या देऊन चढवायचं, म्हणजे माणूस पुन्हा या दवाखान्याच्याच दारात! शिवाय बायको, जी दुकानात काज-बटणाचं बघायची, रोज सकाळी त्या गोळ्या हातावर ठेवून समोर उभी राहायची. का उभी राहते ही? मी बारीक झालेला हिला बघवत नाही, असा मास्तरांनी अर्थ लावला. हात तोंडाशी न्यायचा, घोटभर पाणी प्यायचं, गोळ्या मुठीतच. आपल्या या हुशारीवर ते भलतेच खूश होते.

दोनेक वर्षांनी जग मास्तरांच्या विरोधात गेलं. चालता चालता पायातली चप्पल मागे राही आणि त्यांना पत्ताच नसे. "कुणीतरी माझी चप्पल बदललीय," ते म्हणाले. मग एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर लाल ठिपके दिसले.

"तुझ्या हातून लागलं का काही?" त्यांनी बायकोला दरडावलं.

"अहो, टाचणी तुमच्या बोटात आहे."

खरंच होती. मास्तरांनी ती उपटून निरखली. "पिनाच बोथट आल्यात," ते म्हणाले. बायकोने शर्ट धुवायला घेतला, म्हणून त्यांचा संशय आणखी वाढला.

शेवटी कापडवाल्याची पाळी आली. "वीस वर्षांची ओळख, आणि सुतीच्या नावाखाली हा प्लास्टिकसारखा माल देतोस? हाताला काही लागतच नाही!" त्याच्या भर दुकानात, बायकोसकट चार माणसांसमोर मास्तर कडाडले.

कापडवाला गोरामोरा झाला. त्याने गल्ल्यामागून दोन तुकडे काढले. "मास्तर, डोळे मिटा. यातलं सुती कुठलं?"

मास्तरांनी चोळलं. पुन्हा चोळलं. "हे डावीकडचं सुती. दुसरं भेसळीचं."

 

"दोन्ही एकाच ताग्यातले आहेत," कापडवाला हळूच म्हणाला.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिने तुकडे हातात घेतले आणि मान डोलावली. दोन्ही एकच होते. आता संशय घ्यायला फक्त स्वतःचा अंगठा उरला होता. मास्तर पार घाबरले. हा अंगठा गेला तर मास्तर कसले उरणार?

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या घेताय ना?"

"रोज माझ्या हाताने देते," बायको म्हणाली.

"बटणांच्या डब्यात आहेत," चपलांकडे बघत मास्तर पुटपुटले. "तळाला. ताकदीच्या गोळ्या देऊन ही मला पुन्हा जाड करणार, असं वाटलं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मास्तर, ताकद म्हणजे वजन नव्हे. या ऑपरेशननंतर जेवणातलं सगळं अंगी लागत नाही. बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम हे वेगळंच द्यावं लागतं. तुमच्या नसा उपाशी राहिल्यात. इंजेक्शनं आजच सुरू करू. हातापायांची जाणीव थोडी परत येईल, सगळी येईलच असं नाही."

बाहेर आल्यावर बायको रडली. "मी तुमचं वाईट करीन असं वाटलं तुम्हाला?"

"मग रोज समोर उभी का राहायचीस?"

"ग्लास विसळायचा असायचा हो!"

काही महिन्यांनी चप्पल पायात टिकू लागली. अंगठा मात्र अर्धामुर्धाच जागा झाला. मास्तर बायकोला घेऊन कापडवाल्याकडे गेले आणि आधी त्याची माफी मागितली. त्याने नवा तागा उलगडला. सवयीने मास्तरांचा अंगठा पुढे गेला, अडखळला. मग त्यांनी बायकोचा हात धरून कापडावर ठेवला.

"सुती आहे," ती म्हणाली.

"नक्की?" अगदी ओठांवर आलं होतं. मास्तरांनी ते सकाळच्या गोळीसारखं गिळलं, आणि कापड मापायला सांगितलं.