फॉईलमध्ये गुंडाळलेली कार्डं

साखर कारखान्याने सगळी कार्डं परत पाठवली. बनशंकरीतल्या घराच्या पुढच्या खोलीत माझ्या मुलाने खोकं फोडलं, एक कार्ड काढलं, त्यावरच्या गोल सेलला मीटरच्या तारा लावल्या आणि खाली बसला. सेल मेलेला. दुसरं काढलं, तेही तसंच.

नवरा दारात उभा होता. म्हणाला, "तुझं कार्ड माझ्याहून विसराळू निघालं की रे."

कुणी हसलं नाही. घर बँकेकडे गहाण होतं आणि हातात हीच एक ऑर्डर होती.

मी चौथी शिकलेली. मला समजलं तेवढं सांगते. नव्वद साल उलटून गेलं होतं. ते कार्ड कॉम्प्युटरच्या आत बसवायचं. वीज गेली तरी उसाच्या गाड्यांची वजनं त्यात राहायची. आधी मुलगा महागाची मेमरी घालायचा. तिला विजेशिवायही सगळं आठवायचं. मग तिचा भाव चढला. कारखान्याशी ठरलेली किंमत चढेना. त्याने साधी मेमरी घेतली आणि तिला जागं ठेवायला शेजारी बटणाएवढा सेल लावला.

"आई, काम तेच, खर्च निम्मा."

"आणि सेल संपला तर?" नवऱ्याने विचारलं.

"वर्षानुवर्षं संपत नाही, बाबा. तुम्ही पेपर वाचा."

पॅकिंग मी आणि सून करायचो. अंगातल्या विजेने चिप मरते म्हणून कार्डाला खास पिशवी लागते. ती महाग. म्हणून मुलगा पहिल्यापासून शिवाजीनगरातून पोळ्या गुंडाळायची फॉईल आणायचा. जुनी कार्डं तिच्यात नीट पोचायची. नवीही आम्ही तशीच घट्ट गुंडाळली. शेजारीण खिडकीतून विचारायची, "काय अक्का, आज डबा कुणाचा?"

त्या दिवशी सोडवलेली फॉईल माझ्या हातातच होती. मुलाने तिच्याकडे पाहिलं, मग कार्ड उलटं केलं. सेलची दोन्ही टोकं मागे उघडी होती. फॉईल म्हणजे धातूच. तिने ती टोकं जोडली आणि कारखान्यात पोचेपर्यंत सेल रिकामे झाले. मेमरी बदलली तेव्हा पॅकिंगही बदलायला हवं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. तिथे वीज होती तोवर कार्डं चालली. वीज गेली तशी वजनं पुसली गेली आणि गाडीवान वजनकाटा अडवून बसले.

मुलाने फोन लावला. "साहेब, नवे सेल घालून देतो."

"नको. आमचा कारकून पेनाने लिहितो ते वीज गेल्यावर पुसत नाही," पलीकडचा म्हणाला आणि फोन ठेवला.

तरी मुलाने सगळ्या कार्डांना नवे सेल बसवले. सगळी चालली. न्यायला कुणी आलं नाही. घर गेलं. नवरा भाड्याच्या खोलीत आजारी पडला आणि तिथेच वारला. मुलगा, सून आणि मी, एवढे जगलो.