बंधारा आणि रुसलेली मंडळी

आमच्या स्वातीची पीएच.डी. एक टर्म लांबली, त्याचा दोष गावात आजही इंटरनेटला दिला जातो. इंटरनेट निर्दोष आहे.

हे आता लिहूनच टाकतो, कारण परवा नाक्यावर चहावाला म्हणाला, "काका, त्या नेटने पोरीचं काय नुकसान केलं हो!" आणि मी मान डोलावली. (वर "फारच वाईट!" असंही म्हणालो. माणूस एकदा घसरला की चांगला लांबपर्यंत घसरतो.)

स्वाती माझी धाकटी मुलगी. तिचा विषय खारजमीन, म्हणजे आमच्या थळच्या बाजूची समुद्राला खेटून असलेली भातशेती. बंधारा फुटला, भरतीचं पाणी आत आलं, की शेत गेलं. आम्ही यावर फक्त कपाळाला हात लावतो. जगभरच्या विद्वानांनी मात्र ढीगभर लेख लिहिलेत. ते सगळे तिने लॅपटॉपवरच्या एका सॉफ्टवेअरमध्ये भरले होते आणि प्रत्येकाला कीवर्ड लावले होते. 'बंधारा'वर टिचकी मारली की बंधाऱ्यावरचे सगळे लेख समोर हजर! फक्त घाईत एकाच गोष्टीला तीन-तीन, चार-चार कीवर्ड पडले होते.

सोमवारी तिला बंधाऱ्याचं प्रकरण गाइडसरांना दाखवायचं होतं. ते मान्य झालं असतं तर प्रबंध त्याच टर्मला गेला असता आणि एका कॉलेजातली शिकवण्याची जागाही तिची झाली असती. त्याआधी शेतकऱ्यांच्या मुलाखतींसाठी ती पेणकडे निघाली.

"बाबा, तुम्ही रिकामेच आहात ना?"

(निवृत्त माणसाला यापेक्षा कडक प्रश्न विचारता येत नाही.)

"सांग, काय करू?"

"हे बघा. 'खारजमीन', 'खारी जमीन', 'खारपट्टा', हे सगळं माझ्या कामापुरतं एकच. असे कीवर्ड फक्त एकत्र करायचे. बाकी कश्शाला हात लावायचा नाही!"

"बाय, अख्ख्या गावाच्या लग्नांची आवतनं मी लावतो. मला शिकवतेस?"

घोळ नेमका इथे झाला. आमच्याकडे लग्न ठरलं की आमंत्रणं निघण्याआधी घरं लावावी लागतात. कोण कोणाच्या भावकीतलं, कोणाला घरी जाऊन बोलवायचं, कोणाला कोणाशेजारी बसवलं तर पंगतीतच उखाळ्यापाखाळ्या सुरू होतील, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. गावात माझी ही एकच विद्या. ती इंग्रजी लेखांवर चालते का, हे मी कधी तपासलं नव्हतं.

सारखे कीवर्ड बघता बघता एक झाले. तेव्हाच लॅपटॉप मिटला असता तर मुलगी वेळेत डॉक्टर झाली असती. पण मी सहज 'बंधारा' उघडला आणि हादरलो! एक विद्वान म्हणत होता, बंधारा पक्का बांधा. त्याच्या खालीच दुसरा म्हणत होता, बंधारे पाडा, समुद्राला आत येऊ द्या, कांदळवन वाढू द्या. तिसऱ्याने या दोघांनाही झोडपलं होतं.

शेजारी माझी बायको मंदा कोलंबी सोलत बसली होती. तिला मी अर्थ सांगितला.

"अवो, मग ह्यांना एका पंगतीला कशाला बसवलंय? पानं उलटी मारतील एकमेकांवर!"

"तेच म्हणतोय मी. पोरीला व्यवहार कळत नाही."

"बांधा बोलतान ते मुलाकडचे लावा. फोडा बोलतान ते मुलीकडचे."

मी लावले. 'मुलाकडचे' आणि 'मुलीकडचे' असे दोन नवे कीवर्ड झाले. एक जुना लेख असा निघाला की त्याचं नाव सगळे घेत होते, पण तो वाचल्यासारखं कोणीच बोलत नव्हतं. त्याला 'मानाचे, खुर्ची द्या'. मला ज्यातलं अक्षर कळलं नाही ते 'बहुतेक येणार नाहीत'. आणि तो जो सगळ्यांना झोडपत होता, त्याला 'रुसलेले'.

"त्यो दर लग्नात एक असतोच," मंदा म्हणाली.

आता सगळे आपापल्या जागी बसले म्हटल्यावर 'बंधारा' हा कीवर्ड मला रिकाम्या मांडवासारखा दिसायला लागला. मी तो पुसायला घेतला. सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की? पुसलेलं परत येत नाही. मी 'हो' म्हटलं. मग 'भरती' पुसला, 'कांदळवन' पुसला. प्रत्येक वेळी ते नम्रपणे विचारत होतं, आणि मी यजमानाच्या थाटात होकार देत होतो!

रविवारी स्वाती आली. हातपाय धुऊन लॅपटॉप उघडला.

"बाबा... 'बंधारा' कुठेय?"

तिचा चेहरा असा उतरला की माझं सगळं पंगतशास्त्र तिथेच उठलं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं:

"काल नेट गेलं होतं बघ मधेच."

मंदाने माझ्याकडे पाहिलं. स्वातीने स्क्रीनकडे पाहिलं. मी खिडकीतून माडाकडे पाहिलं.

सोमवारी सरांचा व्हिडिओ कॉल आला. मी दाराआड उभा. (ऐकत नव्हतो, दाराला तेल घालायचं होतं.) मला तेव्हा कळलं की ते सॉफ्टवेअर सरांच्या कॉम्प्युटरलाही जोडलेलं आहे. आम्ही बसवलेल्या पंगती तिकडेही तशाच बसल्या होत्या.

"स्वाती, हे 'मुलाकडचे' म्हणजे काय वर्गीकरण आहे?"

"सर, ते... इथे नेटचा प्रॉब्लेम झाला."

"बरं. आणि माझा लेख 'रुसलेले'मध्ये का आहे?"

"सर, आमच्याकडे रेंज नीट नसते."

सर म्हणाले, "रेंज नसली की मी रुसतो?"

प्रकरण अर्थातच परत आलं. स्वातीने ढीगभर लेख पुन्हा वाचून एकेकाला नव्याने कीवर्ड लावले. टर्म गेली, कॉलेजातली जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. ती पोर एका शब्दाने मला बोलली नाही. रोज संध्याकाळी मी तिला न मागता चहा नेऊन द्यायचो. ती "थँक्यू बाबा" म्हणायची आणि मला तो चहा कडू लागायचा. (चहा ती प्यायची. तरीही.)

पुढच्या टर्मला प्रबंध गेला. आता ती डॉक्टर आहे, अलिबागला शिकवते. पण मनातून ते जाईना. म्हणून वरचं सगळं मी कागदावर लिहिलं आणि काल ती घरी आली तेव्हा तिच्या हातात दिलं. वाचताना ती एकदाही दचकली नाही. पेन काढलं आणि सवयीने कागदाच्या खाली एक कीवर्ड लिहिला. मी घाईघाईने चष्मा लावला. लिहिलं होतं: 'दुय्यम संदर्भ'.

"म्हणजे? अगं, हे माझ्या तोंडचं आहे, पहिल्यांदाच सांगतोय मी कुणाला!"

"बाबा, मूळ संदर्भ मला त्याच रविवारी मिळाला," ती म्हणाली. "आईकडून. त्यात तर पंगतीची कल्पनाही तुमचीच आहे!"