मूठभर जव आणि एक डबा

इसम नामे माणिकप्पा, पुरुष, वय अंदाजे साठ, बांधा सडपातळ, कपाळी भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. राहणार लातूर, नव्या जिल्ह्याचे ठिकाण. शिक्षण सहावी पास, उर्दू माध्यम. सदर इसम विनापरवाना मद्यनिर्मितीच्या कलेत निष्णात असून त्याने राहत्या घरी, मध्यघरात, तांब्याच्या हंड्यात बिअर नामक मद्य तयार केल्याचा दाट संशय आहे.

हे वाचून माणिकप्पांना आधी बरं वाटलं. ‘निष्णात’ हा शब्द उभ्या नोकरीत त्यांच्याबद्दल कोणी वापरला नव्हता.

नोकरी हैदराबादेत, एका बिअरच्या कारखान्यात. काम जव भिजवायचं. भिजला की फरशीवर पसरायचा, मोड येताना तो आतून तापतो म्हणून लाकडी फावड्यानं उलथत राहायचं, आणि मोड पुरता आला की मंद आचेवर वाळवायचा. मोडामुळे दाण्यातलं पीठ गोड होतं आणि त्या गोडाची बिअर होते. त्यातलाच मूठभर जव वेगळा काढून करपण्याच्या अलीकडे भाजायचा, रंगाला आणि चवीला. माणिकप्पा स्वतः पीत नसत. जिभेवर थेंब घेत आणि चूळ भरत.

मग कारखान्यानं तयार अर्क मागवायला सुरुवात केली. मधासारखा दाट, डब्यात बंद. पाण्यात कालवायचा, खमीर सोडायचं, झालं. जवाची फरशी बंद पडली आणि तिथं सायकली लागू लागल्या. निरोपाला माणिकप्पांना शाल, नारळ आणि त्याच अर्काचा एक डबा मिळाला. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तेच जास्त लागलं.

लातूरला परतल्यापासून त्यांच्या पायाला भिंगरी होती. माळवदावर जात, खाली येत, फडताळातला तो डबा फिरवून ठेवत.

“अहो, बसा की एका जागी,” शिवकांताबाई म्हणत. “टँकर आल्यावर गल्ली इतकी पळत न्हाई.”

त्यांना डब्याशिवाय, नुसत्या दाण्याची बिअर एकदा करून दाखवायची होती. कोणाला, ते ठरलेलं नव्हतं. अडचण पाण्याची होती. जिल्हा झाल्यापासून गावात कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, साहेब आले. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. घरातल्या रांजणांची मालकी शिवकांताबाईंकडे होती आणि बऱ्याच तकरारीनंतर त्यांनी निकाल दिला.

“एक रांजण देते. एकदाच. हुकलं की पुन्हा माझ्या पाण्याला हात लावायचा न्हाई. डब्याला कमी पाणी लागतं म्हणता, तर तोच फोडा की.”

“त्या डब्याचं नाव काढू नकोस.”

मोड सुरेख आले. ओल्या पोत्याखालून काकडीसारखा वास सुटला. माणिकप्पा लिंगपूजा उरकून जव उलथत, जेवता जेवता उठून उलथत. वाळवणही साधलं. मूठभर जव त्यांनी वाटीत काढून ठेवला, बाकीचा पोत्यात भरला. तेवढ्यात पुतण्याच्या सोयरिकीसाठी उदगीरला जाणं आलं. “एवढं तेवढं नरसिंग फुटाणेवाल्याकडून भाजून आण,” असं वाटीकडे बोट दाखवून शिवकांताबाईंना सांगितलं आणि ते एसटीत बसले. सोयरिकीत त्यांचं लक्ष नव्हतं. मुलीचं नाव त्यांनी दोनदा विचारलं.

घरी आले तर दारातच यात्रेचा वास. पोतं फुगलं होतं. आतला दाणा न् दाणा पिवळट-तपकिरी, फुलून तडकलेला.

“हे समदंच?” त्यांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

“मग? वाटीभरासाठी कोण भट्टी पेटवतं? नरसिंग हसला मला. म्हणला, अक्का, पायलीच्या खाली मी वाळूच तापवत न्हाई. म्हणलं, घे बाबा, समदंच घे.”

“अन् पिवळं कशानं झालं?”

“हळद-मिठाचं पाणी मारलं त्यानं. फुटाण्याला मारतेत तसं. आपणहून.” बाईंनी चिमूटभर तोंडात टाकले. “चांगले झालेत की.”

चांगले झाले होते. खमंग, कुरकुरीत. फक्त दाण्यातलं जे पिठाचं गोड करतं ते तापल्या वाळूत मेलं होतं.

पण पाणी रांजणात होतं आणि कबुली एकदाची होती. टँकर पुन्हा कधी, हे कलेक्टरलाही ठाऊक नव्हतं. माणिकप्पांनी जव भरडला, गरम पाण्यात मुरवला, गाळला, बेकरीतून आणलेलं खमीर सोडलं. आता वर फेस यायला हवा होता. ते हंडा उबेला म्हणून चुलीपाशी नेत, धुराला भिऊन परत आणत, गोधडीत गुंडाळत, सोडत, कान लावत.

“काय ऐकून राहिलात?”

“बोलत न्हाई.”

“कोण, हंडा?”

“हाव.”

“ओता की तो डबा. कोण बघून राहिलंय?”

“मी.”

पण एका दुपारी त्यांनीच स्टूल ओढलं, डबा उतरवला आणि छिन्नीचं टोक झाकणावर टेकवलं. हातोडी वर गेली तेव्हा कडी वाजली.

दारात शेषेराव, दारूबंदी खात्याचे जमादार, उमरीहून नव्या कचेरीत बदलून आलेले. कचेरीला पाटी होती, केस नव्हती. आणि अप्पा फुटाण्याची दारू काढतात, हे नरसिंग प्रत्येक गिऱ्हाइकाला पुड्याबरोबर सांगत होता.

“अप्पा, दारू काढून राहिलात म्हणे?”

“दारू न्हाई. बिअर.”

“म्हणजे कबूल?”

“झाली असली तर कबूल.”

शेषेरावांनी इतकं सहकार्य करणारा आरोपी पाहिला नव्हता. “ह्या डब्यात काय?”

“आळशी माणसाचं औषध.”

शेषेरावांनी डबा हलवून जागेवर ठेवला. हंड्यातली एक बाटली भरून लाख लावली, हंड्यालाही सील ठोकलं आणि सुरुवातीचा मजकूर तिथंच बसून लिहिला. नमुना तपासणीला गेला.

मग माणिकप्पा रोज कचेरीच्या पायरीवर. आत डोकावायचे, बाहेर यायचे, पाटी वाचायचे.

“जेल झाली म्हणजे?” शिवकांताबाईंनी विचारलं.

“जेल झाली म्हणजे बिअर झाली,” माणिकप्पा म्हणाले.

अखेर शेषेरावांनी हाक मारली, तोंड पाडून. “जा अप्पा, सुटलात.”

“थोडी तरी असंल. पुन्हा बघायला सांगा त्यांना. मी अर्ज करतो.”

“लोक सुटाया पाया पडतेत, अन् तुम्ही अडकाया?”

माणिकप्पांनी कागद ओढून घेतला आणि अक्षर लावत स्वतः वाचला. सदर नमुन्यात मद्यार्क आढळला नाही. मीठ आढळले. हळद आढळली.